शब्दालाही हात न लावणारा प्रकाशक

वाचकाचे पत्र, थोडक्यात: दीर्घकाळ रुग्णसेवा करून निवृत्त झालेल्या एका परिचारिकेने, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची घरी काळजी कशी घ्यावी याविषयी पुस्तक लिहिले आहे. दोन प्रकाशक ते काढायला तयार आहेत. पहिले म्हणतात, ‘तुमच्या शब्दालाही हात लावणार नाही. दीड महिन्यात पुठ्ठा बांधणीत, संपूर्ण आर्ट पेपरवर, रंगीत छायाचित्रांसह पुस्तक देतो आणि मोठा प्रकाशन समारंभ करतो.’ अट एवढीच की लेखिकेने चारशे प्रती सवलतीत विकत घ्याव्यात. दुसऱ्या प्रकाशकांनी दहा महिने मागितले आहेत. पुस्तक साध्या कागदी बांधणीत निघेल, मजकूर सुमारे एक तृतीयांश कमी करावा लागेल आणि तो एका डॉक्टरांकडून तपासून घ्यावा लागेल, असे ते म्हणतात. नमुन्यादाखल शय्याव्रणांचे (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांचे) प्रकरण त्यांनी शेऱ्यांनी भरून परत पाठवले आहे. ‘इतके दोष असतील तर छापता तरी कशाला?’ असे लेखिकेला वाटून गेले. मुले पहिल्या प्रकाशकांकडे जा म्हणतात, जुनी सहकारी दुसऱ्यांकडे. स्वतःच पुस्तक काढावे असाही विचार मनात येतो. पुस्तक चांगले निघावे यासाठी काय करावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात ‘चांगले पुस्तक’ हे शब्द वारंवार आले आहेत आणि जवळजवळ प्रत्येक वेळी त्यांच्या शेजारी पुठ्ठा, चकचकीत कागद, छायाचित्रे किंवा प्रमुख पाहुणे यांपैकी काहीतरी आहे. यात वावगे काही नाही. स्वतःचे पहिले पुस्तक येणार म्हटले की ते दिसेल कसे, हेच आधी डोळ्यांपुढे येते. पण हे पुस्तक ज्याच्या हाती पडायचे आहे तो माणूस तुमच्या पत्रात एकदाच भेटतो: ‘घरी एकट्याने सगळे निभावणाऱ्यांना आधार व्हावा म्हणून लिहिले.’ मी त्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण प्रकाशन चांगले झाले की वाईट हे ठरवताना मी शेवटी त्याच माणसाकडे पाहतो. तो तुमचे पुस्तक आरामखुर्चीत बसून पहिल्या पानापासून वाचणार नाही. रात्री मंद दिव्यात, एका हाताने रुग्णाला कुशीवर धरून, दुसऱ्या हाताने तो पान शोधत असेल. त्याला हवे ते चटकन सापडते का, पान उघडे राहते का, वाचलेले नेमके कळते का आणि जे कळले ते बरोबर आहे का, एवढेच त्याच्या लेखी महत्त्वाचे.

आता ‘शब्दालाही हात लावणार नाही’ या आश्वासनाकडे वळू. तुम्हाला त्यात आदर दिसला आणि शेऱ्यांनी भरलेल्या पानांत अनादर. मला नेमके उलटे वाटते, आणि त्याला कारण तुम्ही पत्रासोबत जोडलेले ते पानच आहे. तुम्ही लिहिले आहे, ‘रुग्णाची कूस थोड्या थोड्या वेळाने बदलावी.’ त्यावर संपादकाचा शेरा आहे, ‘थोड्या वेळाने म्हणजे किती? रात्रीसुद्धा? एकटी व्यक्ती हे कसे करील?’ तुम्ही हे काम इतकी वर्षे केले आहे की या तिन्ही प्रश्नांची उत्तरे तुमच्या हातांना पाठ आहेत, आणि म्हणूनच ती कागदावर उतरलेली नाहीत. जाणकार माणसाच्या लेखनात अशा जागा हमखास राहतात. त्या त्याला स्वतःला दिसत नाहीत, कारण वाचताना त्याचे मन त्या आपोआप भरून काढते. न कळणाऱ्याच्या जागी बसून विचारणारा कोणीतरी लागतो, आणि संपादकाचे पहिले काम तेच आहे. शुद्धलेखन त्यानंतर येते. त्याच पानावर खाली आणखी एक शेरा आहे: ‘आधी काय करायचे ते सांगा, कारणमीमांसा नंतर, वाचणारा घाबरलेला आहे.’ ज्याने हे लिहिले त्याने तुमचे प्रकरण तुमच्या वाचकाच्या नजरेने वाचले आहे. इतके दोष असूनही ते छापायला का तयार आहेत, याचे उत्तर बहुधा त्यांना त्या मजकुराची गरज पटली आहे, हेच असावे.

अर्थात प्रत्येक संपादन हितकारकच असते असे मी म्हणणार नाही. लेखकाची बोलण्याची ढब पुसून सगळी वाक्ये एकाच साच्यात बसवणारे संपादकही असतात. फरक ओळखायला शेरे पुन्हा एकदा, राग निवल्यावर वाचा. शेरा प्रश्न विचारतो की परस्पर वाक्य बदलून टाकतो? बदल सुचवताना कारण देतो का? तुम्ही ‘नाही’ म्हटल्यावर चर्चा होते की अबोला? एक तृतीयांश मजकूर गाळण्याची सूचनाही याच कसोट्यांवर घासून पाहावी. तुमच्या पत्रावरून दिसते की त्यातला बराचसा भाग तुमच्या नोकरीतल्या आठवणींचा आहे. त्या मोलाच्या असतील, पण मध्यरात्री ज्वर चढलेल्या रुग्णाशेजारी बसलेल्या माणसाला त्या ओलांडून पुढे जावे लागेल. त्या वेगळ्या पुस्तकासाठी राखून ठेवता येतील, किंवा ज्या आठवणीतून एखादी कृती नेमकी कळते तेवढीच प्रकरणात ठेवता येईल. याबाबत वाटाघाटीला जागा आहे आणि ती तुम्ही जरूर करावी. डॉक्टरांकडून तपासणी करून घेण्याबाबत मात्र वाटाघाट करू नका. तुमच्या अनुभवावर तो अविश्वास नाही. एका माणसाने लिहिलेल्या आरोग्यविषयक मजकुरावर दुसऱ्या जाणकाराची नजर फिरायलाच हवी.

दीड महिन्याच्या वेळापत्रकात नेमके काय गाळले जाते, हेही पाहू. अक्षरजुळणी, छपाई आणि बांधणी यांना फार वेळ लागत नाही. वेळ लागतो तो वाचण्याला. संपादन पुरे झाल्यावर मांडणी, मग पहिले मुद्रित (तपासण्यासाठी छापून काढलेली कच्ची प्रत), त्यावरच्या दुरुस्त्या, त्या दुरुस्त्या नीट झाल्या की नाही हे पाहण्यासाठी दुसरे मुद्रित, आणि छपाईआधी एक शेवटची नजर, असा हा क्रम असतो. दुरुस्ती करताना नवी चूक शिरणे ही नेहमीची गोष्ट आहे. एक ओळ वाढली की खालचे चित्र पुढच्या पानावर जाते आणि ‘पुढील पान पाहा’ ही सूचना खोटी ठरते. आपल्याकडे आणखी एक गोम आहे. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे आणि रफार मोडतात, ‘दुसऱ्या’सारखे साधे शब्द विचित्र दिसू लागतात, आणि संपूर्ण बाड पुन्हा डोळ्यांखालून घालण्यावाचून इलाज राहत नाही. हे काम एकट्या लेखकावर टाकणारा प्रकाशक आपले अर्धे काम टाळतो आहे असे समजा, कारण लेखक पानावर छापलेले वाचत नाही, त्याच्या मनात असलेले वाचतो.

मुद्रणदोष म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाची कुरकुर, असे मानून हा मुद्दा सोडून देऊ नये. 1631 साली लंडनमध्ये राजाच्या अधिकृत मुद्रकांनी छापलेल्या बायबलमध्ये व्यभिचाराविषयीच्या आज्ञेतला नकारार्थी शब्द गळाला आणि ‘व्यभिचार कर’ अशी आज्ञा छापून गेली. मुद्रकांना 300 पौंड दंड झाला आणि प्रती परत गोळा करून नष्ट करण्यात आल्या. तिथे वाचणाऱ्याला मूळ आज्ञा ठाऊक होती, म्हणून चूक हास्यास्पद ठरली. तुमच्या पुस्तकात ‘लालसर झालेल्या जागी चोळू नका’ यातला ‘नका’ गळाला तर ते वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही, आणि ‘0.5’ मधला बिंदू हरवला तर परिणाम काय होईल हे मी तुम्हाला सांगायला नको. म्हणून, प्रकाशक कोणताही असो, दुसऱ्या मुद्रितावर केवळ चार गोष्टींसाठी एक स्वतंत्र फेरी मागा: सर्व आकडे व परिमाणे, सर्व नकारार्थी वाक्ये, चित्रांखालच्या ओळी आणि ‘अमुक पान पाहा’ असे सर्व उल्लेख. या फेरीत बाकी काहीही वाचू नये. एकाने मूळ प्रतीतून मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने मुद्रितावर बोट ठेवावे. ही पद्धत कंटाळवाणी आहे, पण अशा चुका तिच्यात सापडतात.

आता कागद आणि बांधणी यांविषयी, कारण तुमची मुले त्यांच्यावरच भाळली आहेत. आर्ट पेपरवर छायाचित्रे उत्तम उठतात हे खरे, पण तो दिव्याचा उजेड परतवतो, सारख्याच जाडीच्या साध्या कागदापेक्षा वजनाला जड भरतो आणि त्याच्यावर पेन्सिलीने नीट लिहिता येत नाही. तुमचे वाचक समासात ‘सकाळी सहा’, ‘डावी कूस’ अशा नोंदी करणारे आहेत. त्यांना मळकट पांढऱ्या, न चमकणाऱ्या कागदावरचे ठसठशीत काळे अक्षर अधिक उपयोगाचे. रंगीत छायाचित्रे तुमच्या पुस्तकाला खरोखर हवीत ती एकाच ठिकाणी: त्वचेचा बदललेला रंग ओळखायला. त्यासाठी सगळे पुस्तक चकचकीत करण्याची गरज नाही. पुस्तके साधारणपणे 16 पानांच्या फर्म्यांत, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेल्या गठ्ठ्यांत, छापली जातात. त्यातला एकच फर्मा आर्ट पेपरवर रंगीत छापून बाकीचे साध्या कागदावर काढता येतात. हा मधला मार्ग दुसऱ्या प्रकाशकांना सुचवून पाहा.

पुठ्ठा बांधणीबद्दलही एक गैरसमज आहे. पुस्तक टिकेल की नाही आणि उघडे राहील की नाही, हे बाहेरच्या पुठ्ठ्यापेक्षा आतली पाने कशी जोडली आहेत यावर अधिक अवलंबून असते. फर्मे दोऱ्याने शिवलेले असतील तर कागदी बांधणीचे पुस्तकही बरेच सपाट उघडते. पाने नुसत्या गोंदाने चिकटवली असतील, तर भारी पुठ्ठ्याच्या आतूनही ती मिटू पाहतात आणि जोर लावला की सुटतात. कागदातल्या तंतूंची दिशा पुस्तकाच्या कण्याला समांतर हवी. ती आडवी असली की पान वळताना ताठ राहते आणि दमट हवेत कण्याजवळ लाटा उमटतात. कण्याकडचा समास पुरेसा नसेल तर ओळींची टोके खोबणीत जातात आणि वाचणाऱ्याला पुस्तक दोन्ही हातांनी ताणून धरावे लागते. तुमच्या वाचकाचा एक हात मोकळा नाही, हे पुन्हा सांगतो. देवनागरीत ओळीच्या वर मात्रा, वेलांट्या, रफार आणि खाली उकार, ऋकार असतात. दोन ओळींमध्ये जागा कंजूषपणे सोडली की ते एकमेकांत अडकतात. पाने वाचवण्यासाठी पहिली कात्री बहुतेक इथेच लागते. कागद, आकार आणि बांधणी ठरली की कोऱ्या पानांची एक डमी करून मागा. ती टेबलावर उघडी ठेवा, हात काढून घ्या आणि पाहा.

कमी खर्चात काढलेले पुस्तक म्हणजे हलक्या दर्जाचे पुस्तक, हा समज प्रकाशनाच्या इतिहासाने केव्हाच खोटा ठरवला आहे. ॲलन लेन यांनी 1935 मध्ये सुरू केलेल्या पेंग्विन या इंग्रजी प्रकाशनसंस्थेच्या स्वस्त, कागदी बांधणीच्या पुस्तकांसाठी 1947 मध्ये यान चिकोल्ड या अक्षररचनाकाराला बोलावण्यात आले. 1949 पर्यंत ते तिथे होते. त्यांनी जुळाऱ्यांसाठी, म्हणजे छपाईची अक्षरे जुळवणाऱ्यांसाठी, नियम लिहून दिले ते अवघ्या चार पानांत मावले: शब्दांमधले अंतर किती, परिच्छेदाची पहिली ओळ कुठून, विरामचिन्हे कशी, तळटीपा कुठे. कागद स्वस्तच राहिला, पण पाने वाचनीय झाली, कारण प्रत्येक लहान गोष्टीविषयी कोणीतरी निर्णय घेतला होता आणि तो प्रत्येक पुस्तकात पाळला जावा म्हणून पाठपुरावाही केला होता.

कोणता विषय कोणत्या पानावर आहे हे सांगणाऱ्या शब्दसूचीबद्दल दोन्ही प्रकाशक गप्प आहेत आणि तुम्हीही. तुमच्या पुस्तकाला ती नसेल तर बाकी सारे साधूनही ते अर्धवट राहील. ‘पोषण आणि निगा’ अशा प्रकरणाच्या नावावरून कोणालाही ‘घशात घास अडकला तर’ हे सापडत नाही. सूचीत ‘शय्याव्रण’ असावे, पण लोक जसे बोलतात तसे ‘पाठीला जखमा’ हेही असावे. पाने कायम झाल्यावर सूची करायची असते, त्यामुळे तिला वेळापत्रकात स्वतंत्र जागा लागते; दीड महिन्यात ती कधी होणार, एवढा एकच प्रश्न पहिल्या प्रकाशकांना विचारलात तरी बरेच काही कळेल.

चारशे प्रतींच्या अटीविषयी मी सरसकट निषेधाचा सूर लावणार नाही. कमी खपाच्या विषयात लेखकाने काही प्रती घेणे अप्रामाणिक नाही, आणि व्याख्यानांना किंवा प्रशिक्षणवर्गांना जाणाऱ्या लेखकाला त्या लागतातही. पण हिशेब असा मांडून पाहा: प्रकाशकाचा छपाईखर्च आणि नफा तुमच्या खरेदीतूनच पहिल्या दिवशी वसूल होत असेल, तर समारंभानंतर ते पुस्तक विक्रेत्यांपर्यंत पोहोचवण्याची निकड त्याला का वाटावी? एकूण प्रती किती छापणार, त्यातल्या वितरकांकडे किती जाणार, आणि सहा महिन्यांनी एखाद्याने मागितले तर ते कुठून मिळणार, हे लेखी विचारा. उत्तर मोघम आले तर तुम्ही लेखक कमी आणि ग्राहक जास्त आहात. प्रकाशन समारंभ हा आनंदाचा सोहळा आहे, तो तुम्ही जरूर करावा. मात्र सभागृहात आलेले लोक तुमचे आप्त असतात, आणि ज्यांच्यासाठी लिहिले ते त्या संध्याकाळी घर सोडू शकत नाहीत.

दुसऱ्या प्रकाशकांनाही प्रश्न विचारायला हवेत. दहा महिने मागितले म्हणजे काळजी घेतली, असे आपोआप सिद्ध होत नाही. बाड नऊ महिने कपाटात पडून राहिले आणि दहाव्यात घाईने छापले, असेही घडते. कोणत्या महिन्यात काय होईल, संपादन कोण करील, मुद्रिते तुम्हाला कितीदा दाखवली जातील, हे लिहून घ्या. करारात छापील, ई-पुस्तक, श्राव्य आणि अनुवादाचे हक्क वेगवेगळे नमूद असावेत. रॉयल्टी छापील किमतीवर की प्रत्यक्ष जमा रकमेवर, हे स्पष्ट असावे. आणि पुस्तक ठरावीक काळ अनुपलब्ध राहिले तर हक्क तुमच्याकडे परत येतील, असे कलम असावे. तुमच्या विषयात आणखी एक कलम अत्यावश्यक आहे. वैद्यकीय सल्ला जुना होतो, तेव्हा मजकूर केव्हा सुधारायचा आणि त्याचा खर्च कोणी सोसायचा, हे आधीच ठरावे. मजकूर न बदलता पुन्हा छापले तर ते पुनर्मुद्रण आणि बदलला तर नवी आवृत्ती. पुनर्मुद्रणालाच ‘तिसरी आवृत्ती’ म्हणून मिरवण्याची खोड या व्यवसायात जुनी आहे, आणि मजकूर ताजा आहे की नाही हे जाणण्याचा वाचकाचा मार्ग त्याने बंद होतो. सुधारित आवृत्तीला आणि प्रत्येक वेगळ्या स्वरूपाला स्वतंत्र 13 अंकी आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) लागतो, हेही ध्यानात असू द्या.

स्वतः पुस्तक काढण्याचा पर्याय वाईट नाही, पण तुम्ही तो रागातून निवडू नये. त्यात प्रकाशक नसतो, प्रकाशकाची कामे मात्र सगळी असतात. संपादक, तपासणारे डॉक्टर, मुद्रितशोधक, मांडणीकार, सूचीकार आणि वितरण यांची जुळवाजुळव तुम्हाला करावी लागेल, आणि जो शेरा आज तुम्हाला खुपला तोच शेरा देणारा माणूस पैसे देऊन शोधावा लागेल. दुसऱ्या प्रकाशकांशी बोलणी फिसकटली, तर हा मार्ग मी पहिल्या प्रकाशकांच्या वर ठेवीन. निदान चारशे प्रतींवर होणारा खर्च तुम्हाला संपादनावर वळवता येईल.

अशा पेचात असलेल्या इतरांनाही एक तपासणी सुचवतो. तिला कोणाची परवानगी लागत नाही. प्रकाशकाने तीन-चार वर्षांपूर्वी काढलेले, तुमच्याशी मिळत्याजुळत्या प्रकारचे एक पुस्तक ग्रंथालयातून आणा. नवे पुस्तक नको, कारण प्रत्येक पुस्तक पहिल्या महिन्यात बरेच दिसते. मधले कोणतेही पान उघडून सलग दहा पाने वाचा आणि मुद्रणदोषांवर खूण करा. अनुक्रमणिकेतले पाच पृष्ठांक पडताळा. एखाद्या प्रकरणाची शेवटची ओळ एकटीच पुढच्या पानावर पडली आहे का, चित्र आणि त्याचे वर्णन समोरासमोर आहे का, पाने सुटली आहेत का, ते पाहा. मलपृष्ठावरचा मजकूर पुस्तकात काय आहे ते सांगतो की नुसती लेखकाची स्तुती करतो? मग ते पुस्तक आज विकत मिळते का, याची चौकशी करा. दोन्ही प्रकाशकांची अशी दोन पुस्तके शेजारी ठेवली की माझ्या सल्ल्याची तुम्हाला फारशी गरज उरणार नाही.

माझा कल दुसऱ्या प्रकाशकांकडे आहे, वर सांगितलेल्या अटी आणि तो रंगीत फर्मा यांसह. पण कोणालाही होकार कळवण्याआधी एवढे करा. शय्याव्रणांचे प्रकरण संपादकाच्या प्रश्नांची उत्तरे घालून पुन्हा लिहा, पुस्तकाच्या नियोजित आकारात त्याच्या दोन प्रती छापून घ्या, आणि सध्या घरी रुग्णाची सेवा करत असलेल्या दोन व्यक्तींना द्या. त्यांना मत विचारू नका. कौतुकापलीकडे काही हाती लागणार नाही. ‘कूस बदलताना चादर कशी धरायची ते यात शोधून दाखवा’ असे सांगा आणि त्या कुठे अडखळतात, कोणते वाक्य दोनदा वाचतात, ते टिपून ठेवा. ती टिपणे दोन्ही प्रकाशकांना पाठवा आणि त्यांचे काय करावे असे त्यांना वाटते, ते विचारा.